आंबा-चक्क्याचं थराचं पुडिंग (ओव्हन नको, बीटर नको)

चिंचगुळ
मे महिना, सुट्टीला आलेली भाचरं आणि जेवण झालं रे झालं की "गोड काय आहे?" या उकाड्यात ओव्हन तापवायची माझी अजिबात तयारी नसते. आमरस रोजचाच, श्रीखंडाचा एव्हाना सगळ्यांना कंटाळा आलेला. मग हे करते. बिस्किटं, चक्का, आटवलेला आमरस यांचे थर लावायचे आणि डबा फ्रिजमध्ये ढकलून द्यायचा.

अशा पुडिंगच्या बहुतेक पाककृती (पाकृ) फेटलेल्या क्रीमवर असतात. मी फेटलेल्या क्रीमच्या वाटेला जात नाही. चक्का नीट टांगलेला असला की तो आपला आपण उभा राहतो आणि हापूसच्या गोडीला त्याचा किंचित आंबटपणा लागतोच.

साहित्य (आठ इंची चौकोनी काचेचा डबा, आठ-नऊ जणांना पुरेल):
चक्का 500 ग्रॅम. म्हशीच्या दुधाचं सव्वा ते दीड लिटर दही रात्रभर टांगलं की होतो.
पिठीसाखर 100 ग्रॅम, आंबा गोड असेल तर त्याहून कमी.
घट्ट साय किंवा विकतचं फ्रेश क्रीम अर्धी वाटी.
हापूस 5. तिघांचा रस, दोघांच्या फोडी.
मारी बिस्किटं 24 च्या आसपास, गार दूध एक वाटी, वेलची, चिमूटभर मीठ.

आधी रस. मिक्सरमधून काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवायचा. दीड कपाचा एक कप झाला पाहिजे. उलथन्यानं कढईच्या तळाशी रेघ ओढली आणि ती लगेच बुजली नाही की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्यायचा. (ओव्हन नको म्हटलंय, गॅस नको म्हटलेलं नाही. कृपया त्यावरून सुरू होऊ नका.)

चक्का पुरणयंत्रातून काढायचा. श्रीखंडाला काढतो तसाच. हे टाळू नका, मिक्सरमध्ये तर मुळीच घालू नका, सैल होतो. मग साय, वेलची, मीठ आणि सगळ्यात शेवटी साखर. साखर पडली की चक्का पाणी सोडायला लागतो, म्हणून साखर घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, थर लावायला घ्यायचे.

बिस्किट दुधात नुसतं बुचकळून लगेच काढायचं. एक थर बिस्किटं, कोपऱ्यांत तुकडे, त्यावर निम्मा चक्का, त्यावर निम्मा रस. परत बिस्किटं, चक्का, रस. झाकण लावून किमान आठ तास फ्रिजमध्ये. आंब्याच्या फोडी वाढायच्या वेळी वरून. आधी घालायच्या नाहीत, कारण फोडी रात्रभर पाणी सोडत राहतात.

या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. चक्क्यातलं काढून टाकायचं, रसातलं आटवायचं आणि तरीही जे उरतं ते रात्रभरात बिस्किटं टीपकागदासारखी शोषून घेतात. त्यातूनच ती केकसारखी मऊ होतात. पाणी कमी पडलं तर बिस्किट कडक राहतं, जास्त झालं तर चमच्यानं प्यावं लागतं.

शेवंती
तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाचनखूण साठवली. फोटो कुठाय?

पेठी_खवय्या
एवढा चांगला चक्का टांगला, पुरणयंत्र बाहेर काढलं, हापूस फोडला. आता साखर वाढवा, केशर घाला आणि पुऱ्या तळा की. मारी बिस्किटं कशाला मध्ये?

चिंचगुळ
@शेवंती, फोटो काढेपर्यंत डबा रिकामा झाला होता गं. पुढच्या वेळी आधी काढते.
@पेठी_खवय्या, पुऱ्या तळायला तुम्ही येणार असाल तर आजच करते. दुपारी एक वाजता, आमच्या पश्चिमेच्या ओट्यासमोर.

पेठी_खवय्या
पत्ता कळवा. खुर्ची पंख्याखाली ठेवा.

आळशी_उदबत्ती
नावाप्रमाणे प्रश्न. विकतचं आम्रखंड वापरलं तर?

चिंचगुळ
चालेल, पण नुसतं नको. विकतच्या आम्रखंडात साखर भरपूर असते, वर बिस्किटं गोड, रस गोड, दोन घासांत तोंड मिटतं. निम्मं आम्रखंड, निम्मा साधा चक्का घ्या आणि वेगळी साखर अजिबात घालू नका. आटवलेल्या रसात लिंबाचे चार थेंब पिळा.

नागपुरी_तर्री
आमच्याकडे पारा 45 ला टेकलाय. गेल्या आठवड्यात असंच पुडिंग क्रीम फेटून करायला घेतलं. अर्धा तास बीटर फिरवला, शेवटपर्यंत लस्सीच राहिली. कार्टनमधलं साधं फ्रेश क्रीम होतं. बरं, चक्का वापरला तरी डायनिंग टेबलवर ठेवल्यावर दहा मिनिटांत पसरणार नाही का हो?

सायसाखर
डेअरीत नोकरी करतो म्हणून मध्ये बोलतो. तर्रीभाऊ, तुमच्या हाताचा दोष नाही. फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो. फेटल्यावर उभं राहायला तो किमान 30 तरी लागतो, 35 असेल तर काम सोपं. फेटताना हवेचे बुडबुडे क्रीममध्ये अडकतात आणि त्यांच्याभोवती फॅटचे कण एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात. हे कण अर्धवट घट्ट असतील तरच जाळं टिकतं. म्हणून क्रीम, भांडं, बीटरची पाती, सगळं फ्रिजमधून काढलेलं हवं आणि भांड्याखाली बर्फाची परात. तुमच्या स्वयंपाकघरातल्या 38-40 अंशांत फॅट पातळच असतं, मग बीटर कितीही फिरवा.

दुकानात 'व्हिपिंग क्रीम' म्हणून जे गोठवलेलं मिळतं त्यातलं बरंचसं वनस्पती तेलाचं असतं. ते उन्हाळ्यात मुकाट्यानं उभं राहतं, पण टाळूला एक मेणचट थर बसतो. शिवाय त्यात साखर आधीपासून असते, हे विसरून लोक परत साखर घालतात.

चक्क्याचं गणित वेगळं. त्याला फॅटनं नाही, दुधातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. दही लागताना जी जाळी तयार होते ती टांगल्यावर दाटते, म्हणून तो क्रीमपेक्षा उष्णता जास्त सोसतो. दहा मिनिटं काढेल. तास काढणार नाही.

नागपुरी_तर्री
लाख धन्यवाद. बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. 'हाताचा दोष नाही' एवढं दोनदा वाचलं.

मांडवीकाठ
गोव्यात याच्या जवळचा पदार्थ घरोघरी आणि झाडून सगळ्या रेस्टॉरंटांत आहे, सेराडुरा. पोर्तुगीजांकडून आलेला, तिकडे मकावमध्येही तितकाच लोकप्रिय. फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र करायचं, मारी बिस्किटांचा अगदी बारीक भुगा करायचा, आणि काचेच्या पेल्यात भुगा-क्रीम-भुगा-क्रीम. वर शेवटी भुगाच. मूळ पदार्थात फळ नसतं.

आम्ही मे महिन्यात मधल्या एका थरात आमच्या गोव्याच्या मानकुराद आंब्याच्या फोडी घालतो. मानकुरादला 2023 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण हंगामाच्या सुरुवातीचा भाव ऐकला तर फोडी मोजून घालाव्या लागतात. हापूसवाल्यांशी भांडायचं नाही, फक्त एकदा खाऊन बघा म्हणेन.

एक सांगायचं म्हणजे भुगा आणि अख्खं बिस्किट यांत फरक पडतो. भुग्याला दुधात बुडवायची गरज नाही, तो दोन तासांत क्रीममधला ओलावा ओढतो. पाहुणे संध्याकाळी येणार आणि आठवण दुपारी झाली, तर चिंचगुळ यांची पाकृ भुगा करून पेल्यांत लावा. भुगा मिक्सरमध्ये रव्यासारखा झाला पाहिजे, मोठे तुकडे राहिले तर ते दातांत येतात.

शेवंती
पेल्यांची कल्पना भारी. कापायची कटकट नाही आणि कुणाला मोठा तुकडा गेला यावरून पोरांची भांडणंही नाहीत.

घोटभर_ताक
अवांतर: या मारी बिस्किटाला नाव मिळालं ते एका लग्नावरून. 1874 मध्ये रशियाच्या झारची मुलगी मारिया आणि इंग्लंडच्या राणीचा मुलगा यांचं लग्न झालं, त्या निमित्तानं लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं हे बिस्किट काढलं. आपल्याकडे ते आजारी माणसाला चहात बुडवून देतात.

अवांतर समाप्त. प्रश्न: पार्ले-जी चालेल का? घरात तेच असतं.

चिंचगुळ
चालेल, पण दुधात बुडवू नका, ब्रशनं किंवा बोटांनी वरून नुसतं दूध लावा. पार्ले-जी दुधात फार लवकर विरघळतं, अर्ध बिस्किट वाटीतच राहतं. पुण्यातली बेकरीची श्रूसबेरी असतील तर तळाला त्यांचा भुगा दाबून बसवा. त्यांत लोणी इतकं असतं की दुधाची गरजच नाही.

कैरीपन्हं
माझी तक्रार अननसाची. परवा हाच प्रकार ताज्या अननसाचा केला. चक्का, बारीक चिरलेला अननस, बिस्किटं. रात्री चाखलं तेव्हा झकास होतं. सकाळी चक्का पातळ आणि चव चक्क कडू. अननस गोड होता, दहीही ताजं होतं. काय बिनसलं?

सायसाखर
अननस. त्यात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. वर म्हटलं ना, चक्का प्रथिनांच्या जाळीवर उभा असतो? रात्रभरात त्यानं ती जाळीच कुरतडली. म्हणून पातळ झाला. आणि दुधातल्या प्रथिनांचे जे बारीक तुकडे पडतात त्यांतले काही चवीला कडू असतात. कच्च्या पपईत आणि किवीतही याच जातीची एन्झाइमं असतात. मटणाला पपई लावतात ती याचसाठी.

उपाय सोपा. अननस चिरून थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं चांगला उकळून घ्यायचा. उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो म्हणून तो त्रास देत नाही. जिलेटिनमध्ये ताजा अननस घातला तर जेली कधीच धरत नाही, तेही याच कारणानं. आंबा, स्ट्रॉबेरी, लिची, द्राक्षं बिनधास्त वापरा.

कैरीपन्हं
कमाल आहे. मी दूधवाल्याला चार शब्द ऐकवून आले.

पेठी_खवय्या
त्याला उकळलेल्या अननसाचं पुडिंग द्या.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इथे याच कुळातला 'आइसबॉक्स केक' करतात. घरोघरी बर्फाची कपाटं आणि मग फ्रिज आले त्या काळातला, 1920-30 च्या दशकांतला प्रकार. पातळ चॉकलेट बिस्किटं आणि फेटलेलं क्रीम, रात्रभर गार. तत्त्व तेच, बिस्किट रात्रभरात केक होतं.

परदेशातल्यांसाठी काही गोष्टी. चक्क्यासाठी दही टांगायचा कंटाळा असेल तर ग्रीक योगर्ट घ्या, पण तेसुद्धा चार-पाच तास फडक्यात टांगाच, डब्यात दिसतं तितकं घट्ट ते नसतं. अरबी दुकानात लबने मिळतं ते थेट चक्क्याच्या जवळ जातं. फक्त लेबल बघा, बऱ्याच लबनेत मीठ असतं.

आंबा: भारतातून विकिरण केलेले आंबे 2007 पासून इथे येतात. पहिल्या वर्षी ते लासलगावच्या केंद्रातून आले होते, जिथे मुळात कांद्यासाठी यंत्रणा उभी केली होती. पण पेटीचा भाव बघून मी पेटी फोडींसाठी राखून ठेवतो आणि रसासाठी केशर आंब्याचा 850 ग्रॅमचा डबा आणतो. डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते, तेव्हा चक्क्यात निम्मीच साखर घाला. तो आटवावाही लागतो. नुसता ओतला तर थर वाहतात. मेक्सिकोचा अताउल्फो मिळाला तर फोडींना उत्तम, रेषा नसतात.

चिंचगुळ
@एडिसनकर, डब्याचं बरं सांगितलंत, माझ्या नणंदेला धाग्याचा दुवा पाठवते.

आंब्यावरून आठवलं. रसाला पायरी घेतला तर हापूसपेक्षा स्वस्त पडतो आणि रस जास्त निघतो. तो थोडा जास्त वेळ आटवावा लागतो आणि गाळून घ्यावा लागतो, इतकंच. फोडींना मात्र पायरी नको, हातातच रस होतो. हापूस कापताना कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग दिसला तर तो साका. बाहेरून फळ कितीही सुंदर असो, आत साका निघू शकतो. तेवढा भाग काढून टाका, उरलेलं रसात घाला. म्हणून फोडींचे आंबे मी वाढायच्या तासभर आधी कापते आणि एक जास्तीचा जवळ ठेवते.

एकादशी_दुप्पट_खाशी
उपासाचं काय? बिस्किटं बाद झाली. मी राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा घालते. तो मात्र आधी लावून ठेवायचा नाही, लाह्या दहा-पंधरा मिनिटांत लगदा होतात. पेल्यात आधी चक्का, वर रस, फोडी, आणि पानावर बसल्यावर वरून चुरा. कुरकुरीत लागतो. बिस्किटाचा मऊपणा हवा असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी करावं.

शेवंती
+१. राजगिरा चिक्की ठेचून पण छान लागते.

कैरीपन्हं
आंबा संपल्यावर काय? जून लागला की पोरं काय आंबा विसरतात?

मांडवीकाठ
जांभळं. बिया काढून थोड्या साखरेत शिजवा, मिक्सर, गाळणं, आणि आटवा. रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात. तुरटपणा चक्क्यात मुरतो. फणसाच्या गऱ्यांचं मात्र मन होऊ देऊ नका. फ्रिजमध्ये उघडे ठेवलेत तर आठवडाभर दूधही फणसाचं लागेल.

चिंचगुळ
आणि कलिंगड, खरबूज नको. चवीला हरकत नाही, पण ती फळं म्हणजे पाणीच, आटवून हाती काही उरत नाही. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उत्तम, फक्त साखरेत मुरवून सुटलेलं पाणी निथळून घ्या. ते पाणी दुधाऐवजी बिस्किटांना लावा.

सायसाखर
वरचा थर चकचकीत आणि कापता येईल असा हवा असेल तर चायना ग्रास (जिलेटिनसारखी गोठवणारी पावडर). अर्धा कप पाण्यात एक सपाट चहाचा चमचा पावडर घालून दोन मिनिटं चांगली उकळायची, दाणा दिसता कामा नये. मग एक कप आटवलेला रस त्यात. इथे एक मेख आहे. रस फ्रिजमधला गार असेल तर चायना ग्रास त्याला स्पर्श होताक्षणी गोठतो आणि गुठळ्या होतात. तो 40 अंशांच्या आसपासच धरायला लागतो. म्हणून रस आधी बाहेर काढून कोमट करून घ्या. मिश्रण लगेच पुडिंगवर चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा. वरून धार धरली तर चक्क्याला खड्डा पडतो.

फायदा असा की एकदा धरलेला चायना ग्रास पुन्हा वितळायला 85 अंशांच्या वर जावं लागतं. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला वितळतं. तेव्हा तर्रीभाऊंच्या डायनिंग टेबलवर वरचा थर तरी हलणार नाही. शिवाय हा समुद्री शेवाळातून येतो, जिलेटिन प्राण्यांपासून, त्यामुळे घरात सगळ्यांना चालतो.

नागपुरी_तर्री
वरचा थर जागेवर आणि खालचा चक्का वाहून गेला, असं दृश्य डोळ्यांसमोर आलं. तरी करतो.

आळशी_उदबत्ती
आमच्याकडे दुपारी लाइट जाते. फ्रिज तीन-चार तास बंद. राहतं का?

चिंचगुळ
दार उघडलं नाही तर तीन-चार तास निघतात. बर्फाचे ट्रे भरून डबा त्यांना चिकटवून ठेवा. लाइट आल्यावर चाखून बघायचं, नेहमीपेक्षा आंबट लागलं तर पोरांना देऊ नका. एरवीही दोन दिवसांच्या वर ठेवू नका. आणि झाकण घट्ट हवं हे परत सांगते. साय वास फार लवकर धरते. शेजारी चिरलेला कांदा उघडा असेल तर सगळी मेहनत वाया.

घोटभर_ताक
काल पार्ले-जीचं केलं, दूध बोटांनी लावून. जमलं. पण तुमच्या दीड लिटर दह्यातून पातेलंभर पाणी निघालं ते ओतून द्यायचं जिवावर आलं. त्याचं काय करता?

चिंचगुळ
ओतू नका हो! त्यात थालीपिठाची भाजणी भिजवा, थालीपिठं खुसखुशीत होतात. पोळ्यांची कणीकही मळता येते, फक्त मीठ बेतानं. उरलं तर बेसन लावून कढी करा, ताक थोडंसंच घालावं लागतं.

पेठी_खवय्या
म्हणजे थालीपीठ, कढी आणि मग ते बिस्किटवालं. आता कसं जेवणासारखं वाटतंय. रविवारी किती वाजता येऊ?